गोटीचा फोटो भिंतीवर

२ मार्च, रविवार

बारके,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. एका परीने बरंच झालं. फोनवर तू मध्येच तोंड घालतेस, मग माझं सांगायचं राहतं बाजूला आणि मी नुसती बडबडत बसते. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही. अक्षर वाकडं आहे, ठाऊक आहे मला. चौथीत शाळा सुटली माझी, आणि कुणाला सांभाळायला सुटली ते तुला वेगळं सांगायला नको. तेव्हा लाल पेन काढून बसू नकोस. सरळ वाच. तुझ्या शाळेच्या गेटवरच्या म्हाताऱ्याच्या हातात हे देतेय. तो म्हणाला, मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवतो. मी म्हटलं, ठेव बाबा, तुझ्या मोठ्या बाईंचा शेंबूड पुसलाय मी.

शुक्रवारच्या पालकसभेत तू काय केलंस ते तुला कळलंय का? दिवे घालवलेस आणि भिंतीवर फोटो पाडलास. शाळेच्या गेटाजवळच्या बाकावर साडेचार वर्षांची पोर, मांडीवर मोबाईल, तोंड उघडं. ओळखू येऊ नये म्हणून डोळ्यांवर काळी पट्टी मारलीस. शहाणीच की गं तू. चेहऱ्यावर पट्टी मारलीस आणि फ्रॉक तसाच ठेवलास. निळ्या काठाच्या पांढऱ्या चादरीतून शिवलेला फ्रॉक अख्ख्या शाळेत एकीचाच आहे. लाँड्रीतली बाद चादर होती, माझ्या लेकीने आपल्या पोरीसाठी हाताने शिवला. पुढच्या रांगेतली एक जण लगेच चिरकली, "अय्या, ही तर गोटी!" आणि सगळ्या माना मागे वळल्या.

तेव्हाही तुला दिवे लावता आले असते. तू काय म्हणालीस? "या मुलीचे पालक इथे असतील तर त्यांनी उभं राहून सांगावं, रोज किती वेळ मोबाईल देता?"

पालक! तुझ्या सख्ख्या भाचीला तू पालक म्हणालीस. उभी राहिली बिचारी. पायात लाँड्रीचे ओले बूट, सुट्टी होताच धावत आलेली. म्हणाली, "अर्धा तास." लोक हसले. तूही हसलीस, मी बघितलं. आणि वर, "खोटं बोलून मुलांचं भलं होत नसतं." मग सगळी यादी वाचलीस. ही मुलगी बोलत नाही. हाक मारली तर बघत नाही. घसरगुंडीवर बसवलं तर कान धरते. कोणी मोठं वर्गात आलं की खांद्यावर दोन बोटं ठेवते. हे सगळं मोबाईलमधल्या बाहुल्यांचं अनुकरण आहे, म्हणे. तीन महिने मोबाईल पूर्ण बंद करा, मग मुलीला परत आणा.

बाहुल्यांचं? बारके, माझ्या डोळ्यांत बघून सांग, तुला ते बाहुल्यांचं वाटलं?

कान धरला म्हणजे गरम. मूठ वर केली म्हणजे थांब. तळवे झटकले म्हणजे झालं. खांद्यावर दोन बोटं म्हणजे मुकादम आला. लाँड्रीत मशीनच्या आवाजात स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून सगळ्या बाया हातांनी बोलतात. आपली आईही तशीच बोलायची. आपण दोघी त्याच ढकलगाडीत, त्याच चादरींच्या ढिगात बसून वाढलो. तू तर मुकादमाच्या खुणेवर अशी दडायचीस की शोधावं लागायचं. गोटी तुझ्या उन्हातल्या पत्र्याच्या घसरगुंडीला गरम म्हणत होती. आणि तुला बघून खांद्यावर दोन बोटं ठेवत होती, म्हणजे ती तुला मुकादम म्हणत होती. पोरगी बरोबरच बोलत होती.

आता मोबाईलचं. देतो आम्ही. लपवत नाही. लेकीची आणि माझी पाळी सात ते तीन. जावई ट्रकवर, महिना महिना तोंड दिसत नाही. शाळा बारापर्यंत, पुढे तीन तास पोरगी ढकलगाडीत. समोर चादरी सुकवायचा रोलर, तव्यासारखा तापलेला. पोरीने जागेवरून हलू नये म्हणून मोबाईल. तेच आमचं कुंपण. आणि बुधवारी हॉटेलांचा माल जास्त असतो, घ्यायला यायला उशीर होतो, म्हणून दप्तरातही मोबाईल, कारण तुझ्या गेटबाहेर रस्ता आहे. जावयाचा जुना मोबाईल आहे तो. गेल्या वर्षापासून त्यातून आवाजसुद्धा येत नाही, नुसती चित्रं हलतात. त्याने पोरीची भाषा कशी बिघडली ते तूच सांग, तू शिकलेली आहेस.

मला तुझी माफी नको. फोटो कुठे कुठे लावलायस तिथून काढ आणि पोरीला वर्गात घे.

तुझी, कधीकाळची,
ताई


९ मार्च, रविवार

बारके,

तुझा लखोटा मिळाला. मला वाटलं पत्र असेल. निघाला छापील कागद, दहा सूचनांचा, आणि वर पेन्सिलीने एक ओळ, "ताई, वैयक्तिक घेऊ नकोस. आम्ही हे सर्वांना देतो." वैयक्तिक हा शब्द मी दोनदा वाचला. मग लाँड्रीतल्या इस्त्रीवालीला विचारला. ती म्हणाली, म्हणजे मनाला लावून घेऊ नका. नाही लावून घेतलं. कागद मुकादमाच्या चहाच्या कपाखाली घातला, गोल डाग पडलाय, तेवढाच काय तो उपयोग.

पण त्याआधी वाचला. मुलांना रोज दोन तास मोकळ्या हवेत न्या. कोण नेणार? तू येतेस? सगळ्यांनी एकत्र बसून गप्पा मारत जेवा. आम्ही उभ्याने जेवतो, एक जण रोलरवर, एक जण डब्यावर. मूल कंटाळलं तर कंटाळू द्या, त्यातून कल्पनाशक्ती वाढते. हे वाक्य लिहिणाऱ्याला माझ्याकडे पाठव. गरम रोलरपासून चार पावलांवर कंटाळलेलं पोर काय काय कल्पना करतं ते त्याला दाखवते.

आणि तुला आनंद होईल असं एक सांगते. मोबाईल बंद आहे. त्या शुक्रवारपासून माझ्या ट्रंकेत आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. तुझं ऐकलं बरं का. झालं समाधान?

गोटी ठीक आहे. उजव्या हाताला पट्टी बांधलीय. गरम पाणी सांडलं. लहान मुलांचं चालायचंच असं काही ना काही. आपल्यालाही नव्हतं का भाजलं.

लेक सध्या गोटीला घेऊन इस्त्रीवालीकडे राहते, आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून. तिची खोली जरा मोठी आहे, हवा येते, म्हणून. कामावर दिसतेच रोज. बोलणं फारसं होत नाही, मशीनचा आवाज असतो.

लाँड्रीतल्या बायांनाही कळलंय. काल एक जण म्हणाली, "काय गं, मोबाईलने शाळेतून नाव काढलं म्हणे?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याला तर घरातून काढलं, तरी मोबाईल सुटला नाही." पण लेकीने ऐकलं आणि खाली मान घालून घड्या घालत राहिली. पूर्वी तीच सगळ्यांना उलटी उत्तरं द्यायची. माझ्यापेक्षा तिखट जीभ होती तिची.

फोटो काढलास का? त्याबद्दल एक अक्षर नाही लिहिलंस.

ताई


१३ मार्च, गुरुवार

बारके,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. माझी लेक अर्धा तास म्हणाली तर तू तिला सगळ्यांसमोर धुतलीस, मी कागदावर एवढं खोटं लिहिलं तर तुला कळलंसुद्धा नाही. तर आता खरं वाच.

पाणीबिणी काही सांडलं नाही. रोलर होता.

त्या शुक्रवारी सभेतून परत येताना लेक पुढे पुढे चालत होती. मी बोलले. मी काय बोलले असेन असं वाटतं तुला? मावशीला शिव्या घातल्या असतील? नाही. मी म्हणाले, "बाई खरं तेच बोलल्या. तूच पोरीला बिघडवलीस." तू सभेत उभं केलंस आणि मी रस्त्यात. माझ्या बाजूच्या बाया माझ्याकडे वळून बघत होत्या ना, त्याचा राग होता मला. तुझ्यावर काढता आला नाही म्हणून तिच्यावर काढला. सभेत मी शेजारी बसले होते, तेव्हाही मी उठले नाही, आणि ती एकटी उभी राहिली. हे तुला पहिल्या पत्रात लिहायला हवं होतं. नाही लिहिलं.

घरी आल्याआल्या मोबाईल ट्रंकेत टाकला. शाळा बंद, म्हणजे पोरगी सात ते तीन ढकलगाडीत. मंगळवारी सकाळी लेक म्हणाली, "आई, दुपारपुरता तरी दे. आज माल फार आहे, माझं लक्ष नाही राहणार." मी किल्लीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मिळणार नाही. पोराला सांभाळायला आई लागते, मोबाईल नाही." काय वाक्य आहे! तुझ्या छापील कागदात शोभलं असतं.

अकराच्या सुमाराला गोटी गाडीतून उतरली. मी मशीनच्या या टोकाला चादर आत सोडत होते, ती त्या टोकाला, माझ्याकडे पाठ. वाफ येत होती ती बघायला गेली असेल. मी ओरडले, "गोटी!" तीनदा ओरडले. माझा आवाज तुला माहीत आहे, मुकादमसुद्धा दचकतो. वळली नाही. मूठ वर केली, पण पाठ केलेल्या माणसाला खूण कशी दिसणार? उजवा तळवा पूर्ण टेकवला तिने.

मग दवाखाना. तिथे विचारलं कसं झालं, तर लेक म्हणाली, "गरम पाणी." माझ्याकडे बघितलं. मीही मान हलवली. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, पोर तिथे काय करत होती, लक्ष कुठे होतं. आता कोणताही प्रश्न ऐकला की तिचा चेहरा त्या सभेतल्यासारखा होतो.

पट्टी बांधणारा होता एक, जाडा, तोंडात कायम लवंग. पट्टी झाली आणि त्याच्या हातून स्टीलचा ट्रे खाली पडला, गोटीच्या अगदी मागे. कात्र्या, चिमटे, सगळा खणखणाट. मी दचकले, लेक दचकली, बाहेरची बाई डोकावली. गोटी आपल्या हातावरच्या पट्टीकडे बघत होती. शांत.

तो म्हणाला, "हिला ऐकू येतं ना?"

बारके, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पोरगी हाक मारली तर बघत नाही. आपल्या घरी कोण हाक मारतं? दिवसभर मशीनजवळ राहून आम्ही घरीही हातांनीच बोलतो, नाहीतर कानठळ्या बसतील असं ओरडतो. जेव म्हणायचं तर हात, झोप म्हणायचं तर हात. पोरगी सगळं समजते, सगळ्याला उत्तर देते, हातांनी. आम्ही म्हणायचो, बघा किती हुशार, दोन वर्षांची असल्यापासून लाँड्रीचं काम येतंय. बोलत नाही त्याचं काही वाटलंच नाही, आमच्यात बोलतं कोण? आणि तो आवाज बंद पडलेला मोबाईल. वर्षभर मुका मोबाईल बघतेय पोरगी, एकदा तक्रार नाही, एकदा हट्ट नाही की आवाज लावा. दुसऱ्या कुठल्याही घरात दोन दिवसांत कळलं असतं. आमच्या घरात साडेचार वर्षं नाही कळलं. ही चूक दुसऱ्या कुणाची नव्हे, आमचीच. पण तुझी जास्त. तुला त्या खुणा येत होत्या आणि तुझ्या शाळेत आवाजसुद्धा नाही.

त्याने चिठ्ठी लिहून दिली, कान तपासायची. पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, सकाळी नऊ. कान तपासणारी बाई महिन्यातून एकच गुरुवार येते. तो म्हणाला, "चुकवू नका. आधीच उशीर झालाय, भाषा शिकायचं वय निघून चाललंय."

लेकीने चिठ्ठी घेतली, बाहेर आल्यावर चुरगाळली आणि टाकली. म्हणाली, "आता बहिरी पण म्हणा. तिथे गेलं की पहिला प्रश्न मोबाईल किती वेळ. मी परत उभी राहणार नाही. कुणापुढेच नाही." मी चिठ्ठी उचलली. माझ्याकडे आहे. घरी येऊन तिने पिशवी भरली आणि पोरीला घेऊन इस्त्रीवालीकडे गेली. हवा येते म्हणून नाही. माझं तोंड बघायचं नाही म्हणून.

मी रोज सांगते. ऐकत नाही. "तूच बिघडवलीस" असं मीच म्हणाले, मीच किल्ली दिली नाही, माझं कशाला ऐकेल? आता राहिलीस तू. तुझ्यामुळे तिची मान खाली गेली, ती तुझ्यामुळेच वर येईल. दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आठवडा आहे मध्ये. पोरीच्या कानाचा प्रश्न आहे, तुझ्या खुर्चीचा नाही. काय करायचं ते तुझं तू ठरव, पण वीस तारखेच्या आत कर.

ताई


१७ मार्च, सोमवार

बारके,

या वेळी छापील कागद नाही, दोन पानं हाताने लिहिलेली. वाचली. लाँड्रीच्या मागच्या पायरीवर बसून वाचली आणि इतकी संतापले की मुकादमाने विचारलं, "कोणी गेलं का?"

तू लिहिलंयस की पहिल्याच दिवशी ओळखलंस. गोटीने खांद्यावर बोटं ठेवली तेव्हाच. तू लिहिलंयस की शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलंयस, आपले वडील कचेरीत कारकून होते आणि आई घरी असायची. म्हणून तू गोटीकडे बघायचंच टाळलंस. म्हणून ती भिंतीवर आली. ती बोटं मोबाईलमधली आहेत असं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, की ती लाँड्रीतली राहत नाहीत.

म्हणजे तुला पोरीची काळजी नव्हती. तुला तुझी काळजी होती. मी दोन आठवडे समजत होते की तू शिष्ट झालीस. शिष्ट परवडली असती गं. तू घाबरट निघालीस.

बाबा कारकून? बाबांना सही येत नव्हती!

तू विचारतेस, मी आता कुठल्या तोंडाने येऊ. आहे त्याच तोंडाने ये, दुसरं कुठून आणणार. तू विचारतेस, तिच्यासाठी काय आणू. काही आणू नकोस. खेळणी नको, पुस्तकं नको, कानाच्या मोठ्या डॉक्टरचा पत्ता नको. तू पुन्हा वरून खाली काहीतरी देत येशील आणि ती दार लावून घेईल. तू विचारतेस, एकांतात भेटवशील का. नाही. उभी एकांतात केली होतीस का?

पाळी सातला सुरू होते. पत्ता तू विसरली नसशील.

ताई


२३ मार्च, रविवार

बारके,

गुरुवारी सकाळी तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे, पण तू कशी दिसत होतीस ते ठाऊक नसेल, म्हणून लिहिते. शाळेच्या साडीत दारात उभी, वाफेने चष्मा पांढरा झालेला. मुकादम ओरडला, "ओ बाई, माल द्यायचा असेल तर पुढच्या दाराने!" तू काहीतरी बोललीस, आम्हाला काय ऐकू येणार डोंबलाचं. मग तू मूठ वर केलीस.

पंचवीस वर्षांत कोणी तुझी मूठ बघितली नव्हती, तरी बारा बायांनी एका झटक्यात हात थांबवले. सवय. आज्ञा कोण देतंय ते आम्ही बघत नाही, मशीन आधी बंद करतो. आणि त्या शांततेत तू बोललीस. "शाळेत त्या मुलीचा फोटो मी लावला. ती माझ्या बहिणीची नात आहे. माझी आई इथेच, याच रोलरवर होती. मी या गाडीत वाढले. हिच्या आईची काही चूक नाही, मला त्या खुणा कळत होत्या आणि मी लाजेने गप्प बसले." मुकादमसुद्धा रोलर चालू करा म्हणायचं विसरला.

लेक म्हणाली, "झालं? मशीन बंद पडलंय."

तुला वाटलं ती ऐकतच नाही. तू निघून गेलीस. त्यानंतरचं सांगते. तिने दोन चादरींच्या घड्या घातल्या. तिसरी अर्धवट ठेवली. माझ्याजवळ आली, हात पुढे केला आणि म्हणाली, "चिठ्ठी." पंधरा दिवसांनी माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी दिली. मुकादम म्हणाला, "कुठे निघालीस?" तर म्हणाली, "पोरीचे कान बघायला. तुमचेही बघून येऊ का?" बाया अशा हसल्या! ती जीभ ऐकून मला रडू आलं. वाफेत दिसत नाही ते.

मला म्हणाली, "दवाखान्यातल्या बाकापर्यंत ये." तेवढ्यापर्यंत गेले. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून दिसलं आणि ऐकलं.

कानवाली बाई तरुण आहे, केस बारीक कापलेले. गोटीला कानाला टोप्या लावल्या, ठोकळे दिले, आवाज आला की एक टाक. गोटीने बराच वेळ एकही टाकला नाही. मग शेवटी शेवटी टाकले. ती बाई लिहीत होती. आणि मग तिने तेच विचारलं. "मोबाईल किती वेळ बघते?"

मी बाकावरून उठलेच. म्हटलं, आता लेक उठून चालू पडणार आणि सगळं मुसळ केरात.

लेकीने गोटीच्या हातातला ठोकळा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "चार तास. कधी पाच."

ती बाई म्हणाली, "बरं. काय बघते?"

तू ऐकतेस ना, बारके? "बरं. काय बघते?" जसं दुकानदार विचारतो, पायाचं माप काय. भुवई वर नाही, सुस्कारा नाही. लेक म्हणाली, प्राण्यांचं बघते, रंग भरायचं बघते. ती म्हणाली, "छान, मग आपण तिथूनच सुरू करू. प्राणी दिसला की तुम्ही त्याचं नाव तिच्यासमोर तोंड करून बोला. दिवसातली दहा मिनिटं शेजारी बसून बघा, पहिल्यांदा तेवढं पुष्कळ. हळूहळू मोबाईलचा वेळ कमी करू, पण आधी तुम्ही कामावर असताना तिला कुठे ठेवता येईल ते बघू." आणि मग लेकीने सगळं सांगितलं. रोलर, किल्ली, गरम पाणी म्हणून खोटं बोललो ते, सगळं. अर्धा तास बोलत होती. त्या बाईने एकदाही "तुम्ही असं कसं केलंत" म्हटलं नाही. म्हणाली, "हातांनी बोलता हे फार चांगलं केलंत. तिला काहीच भाषा नसती तर अवघड होतं. ही मुलगी बोलते आहेच."

मला एवढा राग आला, बारके. त्या बाईचा नाही. एवढं सोपं होतं याचा. एक प्रश्न, तोच प्रश्न, जवळजवळ तेच शब्द. तू विचारलास तेव्हा माझी पोर खोटं बोलली, तिने विचारला तेव्हा खरं. आणि तुझ्याकडे पदव्या आहेत, माझ्याकडे पंचावन्न वर्षांचं वय आहे, आणि आपल्या दोघींपैकी एकीलाही तसं विचारता आलं नाही.

दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं. मोठे आवाज थोडे कळतात. कानाची यंत्रं तीन आठवड्यांनी मिळतील. लगेच बोलू लागणार नाही, वर्षं लागतील म्हणाली. किती बोलेल ते आत्ता सांगता येत नाही. लपवून ठेवण्यासारखं नाही, म्हणून जसं आहे तसं लिहिलं.

तू निरोप पाठवलास की गोटीची जागा राखून ठेवलीय. लेकीला सांगितलं. तिचं म्हणणं असं. पुढच्या पालकसभेत, त्याच खोलीत, दिवे चालू ठेवून, तू लाँड्रीत बोललीस तेच बोल. तिला बोलावू नकोस. ती येणार नाही, मीही येणार नाही. आम्ही ऐकलंय. ज्यांनी माना वळवून बघितलं त्यांना ऐकू दे. आणि मोबाईल देणाऱ्या आणखी बाया त्या खोलीत असतील, त्यांनी ऐकलेलं तिला हवंय. ते झाल्यावर ती पोरीला पाठवायचं की नाही ते ठरवेल. ते तू नाही ठरवायचं. मीही नाही.

ती अजून इस्त्रीवालीकडेच आहे. मोबाईल मी ट्रंकेतून काढून त्यांच्या दारात ठेवून आले, किल्लीसकट. दुपारी पाळी सुटली की तीन दारं चालत जाते आणि उंबरठ्याबाहेर उभी राहते. गोटी आतून हात हलवते. पट्टी सुटलीय, तळव्यावर वळ राहील म्हणतात. लेक मला अजून पोरीजवळ एकटी सोडत नाही. बरोबर आहे तिचं.

काल मी विचारलं, "आत कधी येऊ?" ओरडून नाही हं. तिच्या तोंडाकडे बघून, हळू.

ती म्हणाली, "आई, विचारलंस, पुष्कळ झालं. आता थांब."

मला थांबता येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? थांबलेय.

ताई